सर्व्हरचा मुखवटा

आरतीला तोंड लागलं तेव्हा दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. धारूरचे लोक तर होतेच, पण चौसाळ्याहूनही टेम्पो भरून माणसं आली होती. पेशंट बाकड्यांवर ताटकळत बसलेले आणि धडधाकट माणसं पुढं घुसलेली, असा उलटा प्रकार होता. सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या एका बारक्या खोलीवर होती. त्या खोलीत लोखंडी कपाट आणि कपाटात दवाखान्याचा सर्व्हर. सर्व्हर म्हणजे तरी काय, तर साऱ्या दवाखान्याच्या नोंदी ज्याच्या पोटात असतात तो मोठा कॉम्प्युटर. खालच्या वरच्या सगळ्या कॉम्प्युटरांनी त्याच्याशीच बोलायचं. आता त्याला भरघोस मिशांचा चांदीचा मुखवटा बांधला होता, कपाळाला हळद फासली होती, आणि मिशांखालून त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

"ऐका हो!" तात्याबा महाराजांनी घसा खाकरला. "आधी देव दगडात व्हता. मंग धातूत आला. आता कलियुगात देव करंटात आलाय! खालच्या मजल्यावर चैतन्य चालतंय, वर चढंना. कावून चढंना? जागेला बाधा हाय! आन देवाला तोंड नव्हतं, ते आपुन दिलं! तोंड न्हाई तर वळख न्हाई, वळख न्हाई तर किरपा न्हाई!"

करंटातला देव ऐकून म्हाताऱ्या कोताऱ्या गालावर चापट्या मारून घेऊ लागल्या. महाराजांनी धूप पेटवला, खोलीचा पडदा ओढला आणि आत फक्त एकाला घेतलं. तो म्हणजे पप्पू, ट्रस्टचे अध्यक्ष मोहनराव यांचा भाचा आणि दवाखान्याचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा मेकॅनिक. हल्ली त्याला सेवेकरी म्हणत. आतून घंटा घणघणली, बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "आलं! वरचं चालू झालं!"

नारळ फुटले. डॉक्टरसाहेबांनीही हात जोडले. वॉर्डातल्या सिस्टर आरतीचं ताट धरून उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळात दोनला पाच कमी होते.

जिन्याच्या वळणावर आम्रपाली उभी होती. वरच्या मजल्यावरची रक्ततपासणीची लॅब तिची. पूजा चालू असताना वरच्या माणसांनी खाली उतरायचं नाही, असा महाराजांचा दंडक होता आणि त्यासाठी जिन्यावर रांगोळीची एक रेघ मारली होती. अकरापासून ती त्या रेघेपर्यंत चारदा येऊन गेली होती. आरती संपली, बंकट शिपायानं पायानंच रांगोळी विस्कटली, तशी ती धावत वॉर्डात गेली.

सात नंबरच्या खाटेवर एकोणीस वर्षांची विजयमाला होती. डेंग्यूचा ताप. हिरड्यांतून रक्त येत होतं, उशी भिजली होती. तिची आई भिवराबाई पदरानं तिचं तोंड पुसत होती, आणि आसपास दवाखान्याचं म्हणून एक माणूस नव्हतं.

"हिचा रिपोर्ट आला का खाली? कागद आला का?" आम्रपालीनं विचारलं.

"कसला कागद, बाई? इथं कोण फिरकलंच न्हाई. समदे पूजेला गेलते."

रिपोर्ट अकराला दहा कमी असतानाच तयार झाला होता. प्लेटलेट बारा हजार, जिथं दीड लाख पाहिजेत. वरचा कॉम्प्युटर मुका होता, म्हणून आम्रपालीनं कागद छापला, वॉर्डात फोन लावला, तो वाजवाजून थांबला. मग ती रेघेपाशी आली आणि कागद बंकटच्या हातात देऊन म्हणाली, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दे. पोरीच्या जिवाचं हाय." बंकट "हो" म्हणाला आणि गर्दीत शिरला. त्यानंतर तीन तास गेले होते.

अडीच वाजता विजयमालाला गाडीत घालून अंबाजोगाईला धाडलं. केजच्या पुढं गाडी गेली आणि पोरगी गाडीतच गेली.

ह्या मुखवट्याची जन्मकथा सांगायला हवी, कारण ती ऐकल्याशिवाय आमच्याकडची अक्कल कशी चालते ते कळायचं नाही. दीड महिन्यामागं वीज पडून सर्व्हर बिघडला. पप्पूनं तो नव्यानं मांडला. खालचे कॉम्प्युटर सुरळीत चालू झाले, वरचे मात्र सर्व्हरशी बोलेनात. मोहनरावांनी पुण्याच्या कंपनीला फोन लावला आणि चारचौघांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला. तिकडून इंजिनिअर म्हणाला, "साहेब, सर्व्हरचा मास्क चुकलाय. मास्क बदलून घ्या, वरचे लगेच चालू होतील." एवढ्यात रेंज गेली.

मास्क! मोहनरावांनी करोनात तालुकाभर मास्क वाटले होते, तेव्हा मास्कातलं त्यांना कळत नाही असं कोण म्हणेल? त्यांनी बंकटकडून एक निळा मास्क आणवला आणि धूळ जाऊ नये म्हणून सर्व्हरच्या तोंडाला बांधला. अर्थात उपयोग शून्य. त्याच दिवशी तात्याबा महाराज गुडघ्याचा फोटो काढायला दवाखान्यात आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "येड्यांनो, विंग्रजीत मास्क म्हंजे आपल्यात मुखवटा! साहेबाला बोलता येईना म्हून तो मास्क म्हनला."

पटलं! न पटायला काय झालं? आमच्या मुलखात देवळातला देव बाराही महिने शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे नाकडोळे नसलेला गोटा असतो. सणावाराला त्याला मुखवटा चढवला की त्याला नाक, डोळे, मिशा येतात आणि तो भक्तांना ओळखू लागतो. मग दगडाला जे चालतं ते लोखंडाला का चालू नये? चांदीचा मुखवटा घडला, पूजा झाली, आणि खरोखर वरचे कॉम्प्युटर चालू झाले. मग काय विचारता! दवाखान्याला देवाचं ठाणं म्हणून लौकिक आला. आठ-पंधरा दिवसांनी लाईट गेली, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की वरचा मजला परत मुका. पुन्हा महाराज, पुन्हा पडदा, पुन्हा घंटा. आणि दरवेळी लोक मागच्यापेक्षा जास्त.

सर्व्हरच्या खोलीला सोवळं लागलं. बाईमाणसानं आत जायचं नाही, आणि आम्रपालीनं तर दाराला हातही लावायचा नाही. महाराज तोंडानं जातीचं नाव घेत नसत. कायदा त्यांनाही ठाऊक होता. ते एवढंच म्हणत, "ज्येच्या घरात देव्हारा न्हाई, त्येचा हात देवाला लागू नये." तिच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि छप्पन्न साली पणज्यानं देव्हारा काढला त्यानंतर पुन्हा कुणी मांडला नव्हता. ह्या वाक्याचा अर्थ दवाखान्यातल्या प्रत्येकाला कळत होता आणि प्रत्येकजण तो न कळल्यासारखं करत होता.

विजयमाला गेली त्याच्या चौथ्या दिवशी मोहनरावांनी आम्रपालीला बोलावलं. समोर सर्व्हरच्या नोंदीचा कागद होता.

"बाई, तुमचा रिपोर्ट सर्व्हरवर एक वाजून छप्पन्न मिनिटांनी चढलाय. तीन तास काय करत होतात?"

"साहेब, वरचं बंद व्हतं. चालू झालं तवा सगळे रिपोर्ट एकदम चढले. माझा रिपोर्ट अकराच्या आतच तयार झालता. मी कागद बंकटकडं दिलता."

"बंकट, दिला का रे कागद?"

बंकट जमिनीकडं बघत राहिला. "आठवत न्हाई, मालक."

महाराज बाजूच्या खुर्चीवर गुडघा चोळत बसले होते. "देवानं दोन वाजता वाट मोकळी केली," ते म्हणाले, "पर माणसाच्या मनात देव नसल तर त्यो तरी काय करणार?"

मोहनरावांनी आठ दिवसांची मुदत दिली. पुढच्या सोमवारी मुलीच्या नातेवाइकांसमोर सगळ्यांची बैठक. त्याआधी बाईंनी चूक कबूल करून राजीनामा द्यावा, नाहीतर हलगर्जीपणानं पोरीचा जीव घेतला म्हणून पोलिसात नाव जाईल. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण तेव्हा चोर कोण हे आम्रपालीलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी भिवराबाई जिना चढून लॅबमध्ये आली. रडली नाही, ओरडली नाही. दारातूनच म्हणाली, "तू खाली येऊन बघितलं आस्तं तर? तुला पाय न्हाईत का?" आणि निघून गेली.

नोकरीपेक्षा, पोलिसांपेक्षा हे वाक्य आम्रपालीला जास्त लागलं. कारण ते खरं होतं. ती शिकलेली, तिला मुखवट्याचं हसू यायचं, घरी नवऱ्यापुढं ती महाराजांची नक्कल करून दाखवायची. आणि तरी ती चिमूटभर रांगोळीच्या रेघेपाशी तीन तास थांबली. ती रेघ ओलांडायला एक पाऊल पुरलं असतं. भांडण नको, नाव नको, आधीच आपल्यावर डोळा आहे, असं म्हणून तिनं ते टाकलं नव्हतं. ह्याची तिला इतकी लाज वाटली की दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुवारी लाईट गेली, आली, आणि वरचा मजला पुन्हा मुका झाला. सोमवारी बैठक आहेच, तेव्हाच मोठी पूजा लावू, असं मोहनरावांनी ठरवलं. आम्रपाली कागदांचे गठ्ठे ठेवायला वरच्या मजल्यावरच्या औषधांच्या गोदामात गेली. तिथं एक जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. तिनं सहज चालू केला आणि बघतच राहिली. तो सर्व्हरशी मजेत बोलत होता! खालच्या पेशंटांची यादी भराभर दिसत होती.

वरच्या मजल्याला बाधा आहे म्हणता, मग हा काय गच्चीवरून आलाय? तिनं गोदामवाल्याला विचारलं. हा डबा पूर्वी खाली केसपेपरच्या खिडकीत होता, दोन महिन्यांपूर्वी वर आणून टाकला, असं तो म्हणाला. मग तिनं दोन्ही कॉम्प्युटरच्या सेटिंगा उघडून शेजारी शेजारी लिहून काढल्या. सगळं सारखं. फरक एकच. प्रत्येक कॉम्प्युटरला घर नंबरासारखा एक नंबर असतो, त्याचा शेवटचा आकडा गोदामातल्या डब्याचा चाळीस होता, आणि तिच्या लॅबमधल्याचा एकशे चौतीस.

तिनं लॅबमधल्या कॉम्प्युटरचा एकशे चौतीस खोडून तिथं एकसष्ट घातला. कॉम्प्युटर चालू झाला. घंटा नाही, धूप नाही, मुखवट्याचं दर्शन नाही. पुन्हा एकशे चौतीस केला, बंद. पुन्हा एकसष्ट, चालू. असं तिनं सात वेळा केलं, आणि सातव्या वेळी तिला रडू फुटलं. जागेचा दोष नव्हता, तिच्या हाताचा नव्हता. आकड्याचा होता.

पुण्याच्या इंजिनिअरचा नंबर केसपेपरच्या खिडकीशेजारच्या भिंतीवरच लिहिलेला होता. त्याचं नाव शहादेव. तिनं सगळं सांगितलं तसा तो एकदम मराठवाडी बोलायला लागला. "ताई, मी आपल्याकडच्याच कडा गावचा हाय. तुमी लई हुशारीनं शोधलं बघा. पर हे तर मी दीड महिन्यामागंच सांगितलतं! सबनेट मास्क चुकलाय म्हून."

"सर, तो मास्क म्हंजे काय ते मला नीट सांगा. इथं त्याला मिशा लावल्यात."

शहादेव आधी हसला. मग विजयमालाचं ऐकलं आणि हसणं थांबवून नीट सांगू लागला. "मास्क म्हंजे चार आकड्यांचा एक नियम. आपल्या आळीतली घरं कोणची आन परकी कोणची, हे सर्व्हर त्या नियमानं ठरवतो. तुमच्याकडं शेवटचा आकडा शून्य पायजे, म्हंजे सगळेच घरचे. पप्पूनं तिथं एकशे अठ्ठावीस टाकला. त्यामुळं काय झालं, नंबरांची दोन भागांत वाटणी झाली. पहिले सव्वाशे आपले. एकशे एकोणतीसपासून पुढचे परके. त्यांची हाक सर्व्हरला ऐकू येते, पर त्यो त्यांना घरचं समजतच न्हाई, आन उत्तर भलतीकडं पाठवायला बघतो. तुमच्या वरच्या मजल्याचे सगळे नंबर एकशे तीसच्या पुढचे हायत."

"म्हंजे सर्व्हरनं मधी वेस घातली."

"बरोबर. वेसच."

"आन आमी वेशीबाहेर." आम्रपालीला ह्याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या आजीचं सगळं आयुष्य वेशीबाहेर गेलं होतं. हाक ऐकू येते पण उत्तर द्यायचं नाही, हा नियम तिच्या घरात तीन पिढ्या सगळ्यांना पाठ होता.

"सर, मंग पूजा केल्यावर चालू कावून होतं?"

शहादेवनं इंटरनेटवरून सर्व्हरची डायरी उघडली. कुणी, केव्हा, काय बदललं ते सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो. तीन नोंदी होत्या, तिन्ही पूजेच्या दिवशीच्या, तिन्ही पप्पूच्या नावानं. शेवटची एक वाजून चोपन्न मिनिटांची. "त्या दिवशी रेंज गेल्यावर मी पप्पूला वेगळा फोन करून दोन गोष्टी सांगितल्या व्हत्या," शहादेव म्हणाला. "एक आकडा तेवढ्यापुरता बदलायची, आन दुसरी तो कायमचा लिहून ठेवायची. पहिली त्यो दरवेळी करतो. दुसरी त्यानं एकदाबी केली न्हाई. म्हून लाईट गेली की परत एकशे अठ्ठावीस."

म्हणजे पडदा ओढून आत चालायचं ते एवढंच. महाराज घंटा वाजवायचे आणि भक्त डोळे मिटायचे, तोवर सेवेकरी तीन आकड्यांच्या जागी एक शून्य टाकायचा. एका मिनिटाचं काम. आणि विजयमालाच्या वेळी ते एक मिनिट तीन तासांच्या भजनानंतर आलं, कारण चौसाळ्याचा टेम्पो उशिरा पोचला होता आणि गर्दी जमल्याशिवाय चमत्कार करण्यात महाराजांना रस नव्हता.

सोमवारी खालचा मजला पुन्हा गच्च भरला. एका बाजूला ट्रस्टी, मधल्या खुर्चीत तात्याबा महाराज, समोर भिवराबाई आणि तिच्या वस्तीवरची माणसं. मोहनराव राजीनाम्याचा कागद घेऊनच बसले होते. आम्रपाली उभी राहिली. "सही मागून करते. आधी महाराजांची परवानगी आसल तर एक चमत्कार मीबी करून दाखवते."

लोक हसले. महाराजांनी उदार हात हलवला. "करा बाई. देव समद्यांचा हाय."

तिनं लॅबमधला कॉम्प्युटर त्याच्या जुन्या एकशे चौतीस नंबरासकट खाली आणून टेबलावर लावला होता, बरोब्बर मुखवट्यासमोर, उदबत्तीचा धूर लागेल इतका जवळ. "हा कॉम्प्युटर आता देवाच्या पायाशी हाय. बाधेची जागा वर ऱ्हायली. मंग चालायला पायजे का न्हाई?"

"पायजेच!" मागून कुणीतरी म्हणालं.

चालला नाही. तिनं सर्वांसमोर शेवटचा आकडा बदलून एकसष्ट केला. चालू. मग केसपेपरच्या खिडकीतला कॉम्प्युटर घेतला. आणल्या दिवसापासून तो खालच्या पवित्र मजल्यावर होता, त्याला रोज हळदीकुंकू लागत होतं. तिनं त्याला एकशे चौतीस नंबर दिला. बंद! हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. वस्तीवरचा एक म्हातारा पुढं आला. "मला करू दे गं पोरी." तिनं त्याला कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. त्यानं आपल्या राठ बोटानं बासष्ट दाबला आणि कॉम्प्युटर चालू झाला तसा तो दचकून मागं सरला. "आगं, मी तर आंघोळबी केली न्हाई आज!"

आता मात्र हशा महाराजांच्या बाजूनं उठला नाही.

मग तिनं शहादेवला फोनवर घेतलं. त्यानं डायरीतल्या तीन तारखा आणि वेळा वाचून दाखवल्या. पप्पू उठून उभा राहिला. "मामा, पहिल्यांदा चूकच झालती," तो मोहनरावांकडं बघत म्हणाला. "फोन आल्यावर मला कळलं. पर तवर महाराज म्हनले, कबूल केलंस तर मामा हाकलून देईल. म्हनले, तू फक्त घंटेची वाट बघ. कायमचं नीट करू नको, देव परत परत जागा झाला पायजे."

"खोटं! कलीचा पोर!" महाराज उठले. "मी भक्तांची परीक्षा बघत व्हतो!"

"आन माझ्या पोरीची?" भिवराबाई म्हणाली. "तिची कोणची परीक्षा बघत व्हता, म्हाराज?"

उत्तर दिलं ते बंकटनं. तो सर्व्हरच्या खोलीत गेला आणि निर्माल्याची टोपली घेऊन आला. पूजेची फुलं अमावस्येला नदीत सोडायची म्हणून दोन आठवड्यांची साठवलेली होती. सुकलेल्या झेंडूखालून त्यानं एक कागद काढला. कुंकवानं माखलेला, नारळाच्या पाण्यानं चिकटलेला. "मी मालकाकडं दिलता," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "मालक म्हनले, ताटात ठेव. देव चालू झाला की देवच पाठवील. मंग मला म्हनले, इसरून जा."

आम्रपालीनं कागद हातात घेतला. कोपऱ्यात यंत्रानं छापलेली वेळ होती, दहा वाजून पन्नास. तिनं ती मोठ्यानं वाचली. ज्यासाठी आठ दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता तो पुरावा हातात होता, तिच्यावरचा कलंक गेला होता, आणि तिला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

मोहनराव पुढारी माणूस. ते लगेच सावरले. राजीनाम्याचा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला. "झालं ते वाईट झालं. पप्पूला आजपासून काढला. बाईंची काही चूक नाही. पण एक सांगतो, श्रद्धेला कुणी हात लावायचा नाही. मुखवटा राहील. लोकांच्या भावना आहेत." ट्रस्टींनी माना डोलावल्या. डॉक्टरसाहेब खिडकीबाहेर बघत होते. माफी कुणी मागितली नाही. ना आम्रपालीची, ना भिवराबाईची. तात्याबा महाराज तर मागच्या दारानं कधी सटकले ते कळलंही नाही. लंगडा गुडघा असून फार चपळ निघाले.

शहादेवनं सांगितल्याप्रमाणं आम्रपालीनं त्या बंदी घातलेल्या खोलीत जाऊन एकशे अठ्ठावीसच्या जागी शून्य टाकला आणि या खेपेला तो कायमचा लिहून ठेवला. मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. वरचे सगळे कॉम्प्युटर बोलू लागले. टाळी वाजली नाही, नारळ फुटला नाही. नीट झालेल्या कामाचा कुणी उत्सव करत नाही, ही आपली जुनी खोड आहे.

ती बाहेर आली तेव्हा भिवराबाई बाकड्यावर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद मागून घेतला होता आणि उलटा धरून बघत होती. "ह्येच्यात लिव्हलंय का, पोरीला काय झालतं ते?"

"व्हय, मावशी. रगत गोठवणाऱ्या पेशी लई कमी झाल्यात, लगेच हलवा, असं."

"म्हंजे समदं लिव्हलेलं व्हतं. आन त्यावर फुलं वाहिली."

"मी रेघ ओलांडायला पायजे व्हती, मावशी," आम्रपाली म्हणाली. "तुमी म्हनलात ते खरं हाय. मला पाय व्हते."

भिवराबाईनं कागदाची घडी घातली. "मीबी आरतीला हात जोडलते," ती म्हणाली. "तिथं, खाटंपाशी उभी ऱ्हाऊन. पोरीचं रगत पुसता पुसता."

वाचणाऱ्यांनो, ह्या गोष्टीत भूत नाही, करणी नाही, फार मोठा ठगही नाही. एक चुकलेला आकडा आहे, तो लपवणारा एक भित्रा माणूस आहे, आणि त्या लपवण्याला हळद फासणारा एक लबाड. एवढ्यानं माणूस मरत नाही. माणूस मेलं ते शंभर जणांनी एकही प्रश्न विचारला नाही म्हणून. पडदा कशाला? खालचं चालतं तर वरचं का नाही? पूजेनं नीट झालं तर परत का बिघडतं? ह्यातला एक प्रश्न जरी कुणी तोंडातून काढला असता तरी पुरलं असतं. देवाला मानायचं तर खुशाल माना. पण बिघाड दिसला की आधी कारण विचारा, आणि कारण सांगायला जो पडदा ओढतो त्याच्या पाया पडू नका.

बैठक पांगली. दारातून एक जोडपं आत आलं, बाईच्या कडेवर तापानं मलूल झालेलं लेकरू आणि माणसाच्या हातात नारळ. त्यानं बाकड्यावर बसलेल्या भिवराबाईलाच विचारलं, "मावशी, ते मुखवट्याचं ठाणं कुठं हाय? आधी नारळ फोडावा म्हनतो."

भिवराबाई उठली. तिनं त्याच्या हातातला नारळ काढून खाली ठेवला आणि लेकराच्या कपाळाला हात लावून बघितला.

"वर लॅब हाय," ती म्हणाली. "आधी रगत तपासून घे. आन कागद कुणाच्या हातात देऊ नको, सोता घिऊन डाक्टरकडं जा. जिन्यात कुणी आडवलं तर थांबू नको."